डिस्क्रिशन ठेव म्हणाले

साहेबांच्या आई ताम्हन घासत होत्या. ऑफिसच्या पॅन्ट्रीत, बेसिनपाशी उभ्या राहून, खसाखसा. आत्ताच ते ताम्हन माझ्या हातात होतं.

खंडेनवमी होती. हडपसरला तेव्हा काचेच्या इमारती नुकत्या उभ्या राहत होत्या. आमची कंपनी अमेरिकेसाठी प्रोग्रॅम लिहायची, आणि वर्षातून एकदा कॉम्प्युटरला झेंडूची माळ घालून हळदीकुंकू लावायची. आमचं शस्त्र म्हणजे कीबोर्ड, असं साहेब म्हणायचे आणि सगळे हसायचे. मीही हसायचे. त्या वर्षी पूजेला ते आपल्या आईंना घेऊन आले. टीममध्ये मुलगी मी एकटीच, म्हणून ताम्हन मी धरायचं ठरलं.

आई बोलायला गोड होत्या. एकेका मॉनिटरला कुंकू लावता लावता त्यांनी माझं आडनाव विचारलं. सांगितलं. मग मूळ गाव. तेही सांगितलं. एवढ्यानं समाधान होईना. म्हणाल्या, "तुमच्यात दसऱ्याला काय करतात गं?"

"विहारात जातो. आम्ही बौद्ध आहोत."

त्यांचा हात थांबला. हसू मात्र तसंच. "ठेव हं बाळ ते खाली. दमली असशील."

मी दमले नव्हते. थोड्या वेळानं पाणी प्यायला पॅन्ट्रीत गेले, तर हे घासणं चाललेलं. टीममधली चार-सहा माणसं तिथेच चहा घेत उभी होती. मला बघून एकेक जण आपापल्या कपात बघायला लागला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी मोठ्यांदा विचारलं, "काय लागलं होतं त्याला?"

आवाज ऐकून साहेब आत आले. माझं मनगट धरलं. दात आवळून म्हणाले, "आवाज कमी कर. डिस्क्रिशन नावाची काही गोष्ट असते. आईला सगळं सांगायची काय गरज होती?"

"विचारलं म्हणून सांगितलं. सर, हात सोडा."

सोडला नाही. पिरगाळला. मी हिसडा दिला, आणि त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. उलट्या हातानं. दात ओठात घुसला. रक्त हनुवटीवरून कुर्त्यावर गळलं.

"अरे, सणासुदीला कशाला..." एवढंच आई म्हणाल्या. ताम्हन त्यांनी पुसून घेतलं आणि पुन्हा पूजेला गेल्या. चहा पिणारे कप ठेवून त्यांच्या मागे गेले. एकजण मला ओलांडून गेला, आणि जाताना "एक्स्क्यूज मी" म्हणाला.

डिस्क्रिशन. हा शब्द मला पाठ होता. विश्रांतवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत बाबांनी आणलेला इंग्रजी-मराठी शब्दकोश होता, आणि इंटरव्ह्यूच्या आधी मी तो घोकून काढला होता. तारतम्य. विवेक. सावधपणा. मर्जी. शेजारीच डिस्क्रीट, गाजावाजा न करणारा. मला वाटायचं, असले शब्द तोंडात बसले की या लोकांच्या घरात आपल्याला बसायला पाट मिळेल. मूर्ख होते मी. शब्दकोशात सगळे अर्थ होते, पण कोणता कोणाच्या वाट्याला येतो ते छापलेलं नव्हतं. मर्जी त्यांची आणि सावधपणा माझा. मारायचं त्यांनी आणि गाजावाजा करायचा नाही मी.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्यासाठी धम्माचा दिवस. सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत विहाराकडे निघालेली, आणि मी घरात, ओठ सुजवून. आईनं हळद लावली. बाबा कारखान्यात लेथवर आयुष्य काढलेला माणूस. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "कन्फर्मेशन कधी आहे तुझं?"

"पुढच्या महिन्यात. मग नोकरी पक्की."

"मग तोवर तोंड मिटून राहा. मी राहिलो नाही का?"

बाबांवर मी कधी ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. "तुम्ही राहिलात म्हणून तर तो हात माझ्यापर्यंत पोचला!" आई म्हणाली, पोरी, गप. बाबा चपला घालून बाहेर गेले. त्यांना ते फार लागलं. पण मी ते आजही मागे घेत नाही.

सुट्टी संपल्यावर मला एचआरच्या केबिनमध्ये बोलावलं. मॅडम होत्या, साहेब होते. एसी गारेगार. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"हे बघ, मॅटर आपण कॉन्फिडेन्शियल ठेवू. तू मॅच्युअर मुलगी आहेस. आणि कन्फर्मेशन मॅनेजमेंटच्या डिस्क्रिशनवर असतं, ते तुला सांगायला नको."

"सर माफी मागणार आहेत का? पॅन्ट्रीत, सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर कशाला? इथे मागतील ना. डिस्क्रीटली."

साहेब उठले. माझ्या खुर्चीमागे आले आणि तोच हात माझ्या खांद्यावर ठेवला. "चल, सोडून दे. मीही विसरलोय."

मी विसरले नव्हते. उभी राहिले आणि दोन्ही हातांनी त्यांना ढकललं. सगळा जोर लावून. ते काचेच्या पार्टिशनवर आदळले, चष्मा खाली पडला, आणि सावरताना त्यांचाच बूट त्यावर पडला. बाहेरच्या सगळ्या माना वळल्या. मॅडम किंचाळल्या, "धिस इज व्हायलन्स!"

इतक्या दिवसांत हा शब्द त्या इमारतीत पहिल्यांदा उच्चारला गेला. माझ्या फुटलेल्या ओठासाठी तो कोणाला सुचला नव्हता. मला जोरात हसू आलं, आणि हसताना ओठ पुन्हा फुटला.

तशीच पोलीस चौकीत गेले. रक्त पुसलं नाही. बाबांना फोन केला, ते आले नाहीत. हवालदारांनी माझ्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, शिकलेल्या दिसताय. समजुतीनं घ्या की."

"समजूत संपली. ॲट्रॉसिटीची कलमं लावा. नाही लावलीत तर वरच्या साहेबांकडे जाईन, तिथून कोर्टात."

त्यांनी मला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. मी बसले. शेवटी लिहून घ्यावंच लागलं. त्याच आठवड्यात कंपनीनं मला काढलं. कपात बघणाऱ्यांपैकी एकानंही पोलिसांना सांगितलं नाही की आम्ही पाहिलं.

केस अजून चालू आहे. साहेबांचे वकील मधून मधून निरोप धाडतात की आपसात मिटवू, बाहेर वाच्यता नको. निरोप घेऊन येणाऱ्याला मी जिन्यावरूनच परत पाठवते. निकाल काय लागायचा तो लागो. साहेब म्हणवणारा तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहणार, आणि भरल्या कोर्टात त्याला विचारलं जाणार की ह्या बाईला तू का मारलंस. उत्तर त्याला मोठ्यांदा द्यावं लागेल. ते ऐकल्याशिवाय मी एकही तारीख चुकवणार नाही.