गाऱ्हाण्यात आईने स्वतःच मागितलं

रविवारी आमच्या घरी गाऱ्हाणं घातलं. माझं डोकं अजून तापलेलंच आहे म्हणून लिहितेय... एरवी मी असं काही लिहीत नाही. दुकानात गेले तरी मागच्या दोघांना पुढे जाऊ देते आणि मग साखर मागते, अशी मी.

आधी आईचं सांगते. आईला कॅन्सर आहे, आता लिव्हरमध्ये पसरलाय. डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं की बरं करायचं औषध आता नाही, दुखणं कमी ठेवायचं. बाबा मुंबईला कामाला. म्हणून दहावीच्या मधेच मी शाळा सोडली आणि आईजवळ राहिले.

आमचं गाव लांज्याच्या आत. रत्नागिरीच्या हॉस्पिटलची टीम पंधरा दिवसांनी घरी येते. नर्स गोळ्या बघते आणि एक काउन्सेलर ताई आईशी बोलते. मला वाटलेलं ही पण "पॉझिटिव्ह राहा" म्हणणार...

तसं काहीच नाही. ती म्हणाली, भीती वाटणार, रडू येणार. ते ढकलत बसलात तर दिवस त्यातच जाईल. येऊ दे, बसू दे बाजूला. मग विचारलं, "बरी झाल्यावर करीन म्हणून काय काय ठेवलंय तुम्ही? त्यातलं आत्ता काय होईल?"

"पुढच्या खेपेला सांगते," आई म्हणाली.

जाताना पडवीत ताईने मला विचारलं, "आणि तुझं काय चाललंय गं?" दीड वर्षात हे कुणी विचारलं नव्हतं. आईने खाल्लं का, गोळी दिलीस का, एवढंच विचारतात. मी नुसती रडले.

हे मोठ्या काकांच्या कानावर गेलं. मुंबईहून फोन. "त्या बाईला परत घरात घ्यायचं नाय. मरायची शिकवणी घेते ती!"

झालं. शेजारची काकी पण मला म्हणते, "अगो, आईला हार मानायला शिकवतेस होय?" हार?? वाटीभर पेज पोटात राहावी म्हणून आई तासभर धडपडते, ते बघायला कोण बसतं? येतात, "तुला काय होत नाय" म्हणतात, चहा पितात. आणि पायरी उतरताना "आता काय खरं नाय" म्हणून कुजबुजतात. आईला ऐकू येतं हो! कान शाबूत आहेत तिचे.

रविवारी काका बाबांना घेऊन आले, गाऱ्हाणं घालायलाच. आमच्याकडे घरातला मोठा माणूस देवापुढे नारळ ठेवतो, मोठ्याने मागणं मागतो आणि बाकीचे "व्हय महाराजा" म्हणतात. सगळ्यांनी म्हटलं की ते मागणं अख्ख्या घराचं होतं. बायका मागत नाहीत, फक्त व्हय म्हणतात.

वाडीतली आठ-दहा माणसं जमली. आईला उशी लावून खांबाला टेकवून बसवलं. काकांनी सुरू केलं, "बा देवा महाराजा, जी काय इडापीडा असंल ती दूर कर, सुनंदाला पयल्यासारखी खडखडीत बरी कर..."

"भावोजी, थांबा," आई म्हणाली.

काका म्हणाले, "मधे बोलू नको, गाऱ्हाणं मोडतं."

"मोडू दे. हे दोन वर्षं मागतोय आपण. मी बरी व्हायची नाय, मला ठाऊक आहे, तुम्हाला पण ठाऊक आहे. माझ्या नावानं मागताय ना, मग मला काय हवं ते मागा की." आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने हात जोडले. "महाराजा, दुखणं सोसंल एवढंच ठेव. माझी पोर माझ्यापायी शाळेतनं घरी बसली. तिला परीक्षेला बसव. मला बघायचंय ते."

काका नारळाकडे बघत राहिले. शेजारच्या काकीने पदर तोंडाला लावला. बाबांची मान खाली... कुणीच व्हय म्हणेना.

आईचे हात तसेच जोडलेले होते. मला इतका राग आला ना... खोटं मागणं होतं तेव्हा सगळे ओरडायला तयार होते!

मी म्हटलं, "व्हय महाराजा!" आवाज फाटला माझा. सगळे वळून बघायला लागले. मी परत म्हटलं. मग बाबा म्हणाले, हळू. मग मागून कुणीतरी दोघं-तिघं.

काकांनी शेवटपर्यंत व्हय म्हटलं नाही. जेवले नाहीत, संध्याकाळच्या गाडीने परत गेले. अजून फोन नाही.

आज मी दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म कसा भरायचा ते विचारायला शाळेत गेले होते. शिपायालाच आधी विचारलं. आईच्या पोटात आज जास्त दुखतंय, ते काही थांबलेलं नाही. पण मी आल्याबरोबर तिने विचारलं, "काय म्हणाले?" दीड वर्षात पहिल्यांदा मी तिला माझं काहीतरी सांगत होते.

आई, तू बोललीस म्हणून मला बोलता आलं. आणि ज्यांना भेटायला यायचंय त्यांनी खुशाल या. फक्त "काय होत नाय" म्हणू नका... ती काय सांगते ते ऐका.