निळ्या फुलांचं भांडं

आज गॅसवर वांगं भाजायला ठेवलं आणि सालीचा करपट वास सुटताच मला आई पहिल्यांदा जर्सी सिटीला आली होती ती संध्याकाळ आठवली. आमच्या कोपऱ्यावरच्या सहा टेबलांच्या टर्किश रेस्टॉरंटात शिरताच आई म्हणाली, "अगं, इथे तर भरीत करताहेत!" टेबलावर छोट्या छोट्या बशा आल्या, लसूण घातलेलं घट्ट दही, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात आणि ते भाजलेलं वांगं. वांग्याची बशी आईने पावाने पुसून खाल्ली. मालकीणबाई इतक्या खूश झाल्या, की निघताना त्यांनी स्वतःच्या निळ्या फुलांच्या भांड्यात आणखी वांगं भरून दिलं. दुसऱ्या दिवशी बघते तर आई त्याच भांड्यात बेसनाचे लाडू रचत होती. "आई, इथे असं कुणी करत नाही गं," मी वैतागले. "रिकामं भांडं परत करतात का कधी?" म्हणत ती निघालीसुद्धा. रेस्टॉरंटात मी संकोचून तिच्या मागे उभी. मालकीणबाईंनी झाकण उचललं आणि लाडू पाहिले. मग छातीवर हात ठेवून त्या मला इंग्रजीत म्हणाल्या, "माझी आईसुद्धा रिकामं भांडं कधी परत पाठवायची नाही." मी ते आईला मराठीत सांगितलं. तिला काडीचं नवल वाटलं नाही. मी मात्र त्या दोघींकडे थक्क होऊन बघत राहिले. आई वारली त्याला दोन वर्षं झाली. भांडं अजून मालकीणबाई आणि माझ्यामध्ये ये-जा करतंय. सध्या ते माझ्याकडे आहे, म्हणूनच तर आज हे वांगं.