कणकेत खोचलेले स्क्रू

एअर फिल्टर साफ करायला वहिनीने दादाच्या मोटरसायकलचं साइड पॅनल उघडायला घेतलं, तेव्हा दादा पायरीवर चहा पीत म्हणाला, “एक जरी स्क्रू उरला ना, तर पुन्हा माझ्या गाडीला हात लावायचा नाही.”

“उरला तर तुझ्या डोक्यात बसवीन,” वहिनी म्हणाली.

तिने काल उरलेली कणीक ताटात पॅनलच्याच आकारात थापली होती. निघालेला प्रत्येक स्क्रू ती त्या कणकेत त्याच्या त्याच्या जागी खोचत होती, आखूड वर, लांब खाली. मांजराचा ताटाला धक्का लागला, तरी एकही स्क्रू जागचा हलला नाही.

मी खिडकीतून पाहत होते. कुणापाशी मन मोकळं करायचं म्हटलं की मला धास्ती वाटते, उघडलेलं पुन्हा नीट मिटेल का? वहिनी मात्र उघडतानाच मिटवायची सोय करून ठेवते. म्हणून तर तिचे हात इतके निवांत असतात.

पॅनल बसलं. दादाने वाकून ताटात पाहिलं. कणकेत नुसती भोकं उरली होती. त्याने गाडी सुरू करून कान दिला. पॅनल कुठेच खडखडत नव्हतं. मग त्याने हेल्मेट तिच्यापुढे धरलं.

“जा, चक्कर मारून ये.”