लाल सासरवाडीला गेला होता

लाल हा आमच्या घरच्या गाईचा गोऱ्हा. विकत आणलेला नाही, कोणी दिलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पारशिवनीच्या बाजारात अजूनही एक-दोन म्हातारे म्हणतात की असा बैल इकडचा असूच शकत नाही, बाहेरून आणला असेल. खोटं आहे. आमच्याच कोठ्यात जन्मला, आणि मी त्याला पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याचे कान अजून ओले होते.

त्याची माय काळपट लाल, अंगानं वाळकी. दूध म्हणाल तर चहापुरतं. धारेला बसलं की लाथ. कुंपण म्हणजे काय हे तिला आयुष्यभर कळलं नाही. आज आमच्या वावरात, उद्या शेजाऱ्याच्या. बाबा रोज म्हणायचे हिला बाजार दाखवतो, पण दाखवायला ती हाती तर लागली पाहिजे.

लाल जुवाजोगता झाला तेव्हा बाबांनी ठरवलं की त्याला ठेचायचा, म्हणजे खच्ची करायचा, आणि औताला लावायचा. आमच्याकडे सगळ्याच गोऱ्ह्यांचं तेच होतं. मी आडवा आलो.

"हा औताचा नाही, पटाचा हाये."

"पट पाहून पोट भरते काय गा?"

"मंग औत मी वढतो. पन याले हात लावाचा नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, लालकडे पाहिलं. म्हणाले, "दोघातला जास्त आडमुठा कोन, तेच समजून नाही राहिलं." आणि विषय सोडून दिला.

साठ-बासष्टच्या पुढची ती वर्षं. संक्रांत झाली की आमच्याकडे गावोगाव शंकरपट भरायचे. हलका छकडा, त्याला बैलांची जोडी, वर एक धुरकरी हाकायला, आणि घड्याळ लावून धाव. लालचा जोडीदार शेजारच्या गावचा एक पांढरा बैल होता, भला जीव, पण ओढून न्यायचा तो लालच. धावेवर उभा केला की तो शेपूट हलवायचा नाही, कान मागे घ्यायचा. त्याला काठी कधी लावली नाही. लोक म्हणायचे, धूळ खाली बसते तोवर लाल धाव मारून परत येतो. रामटेकच्या बाजूला तर बायाही पट पाहायला यायच्या, त्याच्यासाठी. मी त्याच्यासाठी शहरातल्या लकडगंजहून सरकीची ढेप आणायचो, एसटीच्या टपावर टाकून, आणि ते पोतं उतरवायला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हतो.

लालला हरवून घरी कोणत्या बैलानं बसवलं नाही. एका पटात दगडावर पाय पडून त्याचा पुढचा खूर उलला, तो नीट भरला नाही, म्हणून तो बसला. हाही फरक लोकांनी ध्यानात ठेवावा.

मग लालचं वासरू व्हावं म्हणून लोक गाई घेऊन यायला लागले. लालकडे गाय दाखवायची तर पैसे घ्यायचे नाहीत, ही आमची रीत. नारळ आणायचा, बादलीभर ढेप आणायची. माझी बायको गाईला आणि लालला, दोघांनाही कुंकू लावायची. आणि लालच्या मानासाठी म्हणून माणूस आपल्या घरची सगळ्यात चांगली गाय आणायचा. धुतलेली, शिंगं रंगवलेली, भरल्या कासेची, लेकरानं शेपटी ओढली तरी न हलणारी. रोडकी, लाथाडी गाय लालसमोर उभी करायची कोणाची छाती झाली नाही. तशी गाय बाजारात जायची.

वासरं काय झाली म्हणता! पोळ्याला तोरणाखाली उभी राहिली की नजर हटायची नाही. पाठ कशी, वशिंड कसं! पण पटात जुंपली की अशी चालायची जशी वरातीत निघाली. एक नाही, दोन नाही, सगळी तशीच.

माझा साळा रामटेकजवळचा. तोंडानं फाटका. भर पोळ्यात, चार लोकांत म्हणाला, "जवाईबापू, तुमच्या लालचे पोरं लय गुनाचे निघाले गा. शाळेत टाकून द्या!"

लोक हसले. मी हसलो नाही. मला एकच पाहिजे होतं, लाल जिवंत असेपर्यंत त्याच्यासारखं धावणारं एक तरी वासरू माझ्या डोळ्यानं पाहायचं. आणि लालचे दात झिजत चालले होते. वरून गुरांच्या सरकारी दवाखान्यात सुई आली, विलायती सांडाचं बी गाईला टोचायची. सुईच्या कालवडी पुढे भरपूर दूध देतात म्हणून लोक तिकडं वळले. एक मोसम असा गेला की आमच्या दारात नारळ फुटला नाही.

त्या दिवसांत बायको भाकरी वाढताना म्हणाली, "एक बोलू काय? राग नका येऊ देजा."

"बोल."

"लालची माय कशी होती, इसरले काय? कोनाले धार काढू देत होती? अन् लोकं कशा गाई आनतात? गरीब, मायाळू. मंग पोरं गरीबच होतीन ना."

मी म्हणालो, "रक्त लालचं असते वं, गाईचं काय घेऊन बसली?"

"मंग लालच्या बापाचं नाव सांगा."

लालचा बाप कोण, ते कोणालाच माहीत नव्हतं. मी भाकरी संपवली आणि हात धुतले. आजही मी म्हणतो की रक्त लालचंच. पण लालच्या मायसारखी एक गाय मला माहीत होती. ती साळ्याच्या कोठ्यात होती. जंगलकाठच्या गावातून आणलेली, कुंपणावरून हरणासारखी जायची.

मी निरोप धाडला, गाय आणा. उलटा निरोप आला, "आमची गाय दाव्यानं चालत नाही. लालले घेऊन या."

आता हे समजून घ्या. आमच्याकडे गाय सांडाकडे येते. सांड गाईच्या दारी जात नाही, आणि पटाचा सांड तर नाहीच. मी सरळ नाही म्हटलं. बरेच दिवस नाहीच म्हणत राहिलो. मग एका सकाळी लालनं ढेपेला तोंड लावलं नाही, नुसता उभा राहिला. मी दावं सोडलं.

पारशिवनीहून रामटेकच्या वाटेनं आम्ही दोघं पायी निघालो. तो लंगडत, मी त्याच्या चालीनं. मधल्या एका गावात चहावाला हातातली किटली तशीच धरून रस्त्यावर आला.

"लाल हाय काय गा हा?"

"हो."

"काहून? इकून राहिला काय?"

"सासरवाडीले चाललो."

"कोन, तू का तो?"

"दोघंही."

त्यानं हसता हसता आत जाऊन गुळाचा खडा आणला, आणि लालला आपल्या हातानं चारला. म्हणाला, "याले पाहाले मी सायकलनं येत होतो." वाटेत असे पुष्कळ भेटले. कोणी पाठीवरून हात फिरवला, कोणी नुसतं पाहिलं. मान खाली घालून निघालो होतो मी. रामटेकची गडावरची मंदिरं दिसायला लागली तोवर मान कधी वर झाली, कळलं नाही.

साळा दारातच उभा. "लोकाचे जवाई मिठाई आनतात, आमचे जवाई सांड आनतात!"

सासूबाईंनी त्याला आतूनच झापलं, "चूप राय मेल्या, पानी आन पहिले!" आणि आधी लालच्या पायावर पाणी घातलं, मग माझ्या.

गाय माजावर यायची होती. तोवर जावई आणि सांड दोघंही मुक्कामी. मी पाटावर पाहुणचार खात होतो, लाल अंगणात. गाईनं पहिल्यांदा त्याला लाथच मारली. साळ्याला वाटलं मी चिडीन. मला तर लालची मायच आठवली.

कालवड झाली. गोऱ्हा नाही, कालवड. साळा वर्षभरानं तिला स्वतः घेऊन आला, घामाघूम, धोतर फाटलेलं. दावं माझ्या हातात देऊन म्हणाला, "घ्या. आमच्या गावात एकाचं कुंपन नाही ठेवलं हिनं."

पुढे तिच्या पोटचे गोऱ्हे कोणत्या पटात कसे धावले, ते सगळ्या तालुक्याला माहीत आहे, मी सांगायची गरज नाही. मला आठवतो तो तिचा आमच्याकडचा दुसराच दिवस. शेजारी दात खात दारात आला, "तुमची कालवड कुंपनावरून उडाली, माह्या तुरीत घुसली! काही लाज?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी जन्मात कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं. त्या दिवशी शेजारी पोटभर बोलला आणि मी हात जोडून उभा राहिलो, म्हणालो, "अजून एकडाव सांग गा, कशी उडाली?" आणि कोठ्यात लाल तोंड वर करून तुरीकडे पाहत होता, कान मागे घेऊन.