चार ब्लॉक

शुक्रवार, दोन ऑगस्ट. रक्कम अकराशे पन्नास डॉलर, म्हणजे चारशे बत्तीस दिनार चारशे फिल्स. हजर आम्ही तिघे: मी, बायको आणि शिकागोला शिकायला निघालेली मुलगी. स्थळ, बहारीनच्या मुहर्रकमधलं आमचं भाड्याचं घर. ही रक्कम शिकागोतल्या एका खोलीचं डिपॉझिट होती आणि खोली मी निवडली होती.

पर्याय दोन होते, दोन्ही पिल्सन नावाच्या वस्तीत. एक मुलीच्या इथल्या शाळेतल्या मैत्रिणीबरोबर, महिना सातशे. दुसरा एकटीचा, अकराशे पन्नास. पैसे भरेपर्यंत नेमका पत्ता कोणी देत नव्हतं आणि मैत्रीणही अजून तिकडे पोहोचली नव्हती. पहिल्या खोलीबद्दल एवढंच लिहिलं होतं, "स्टेशनपासून चार ब्लॉक". दुसरीबद्दल, "स्टेशनला लागून".

बहारीनमध्ये पत्ता फ्लॅट, बिल्डिंग, रोड आणि शेवटी ब्लॉक असा असतो. ब्लॉक म्हणजे आख्खा मोहल्ला, नंबर दिलेला. अदलिया भागातला ३३८ ब्लॉक फिरायचा तर आम्ही आधी गाडी लावायला जागा शोधतो.

"रोज चार ब्लॉक चालायचं? बर्फात?" मी म्हणालो.

मुलगी इथेच वाढलेली. तिलाही ब्लॉक तेवढाच माहीत.

"अहो, चार ब्लॉक सोडून म्हणजे शेजारीच की," बायको म्हणाली. "माझ्या मामाचा डोंबिवलीला ब्लॉक होता, दोन खोल्यांचा."

आम्ही बापलेक तिला हसलो. "आई, दॅट्स अ फ्लॅट!"

मुलगी गेली. पहिल्याच शुक्रवारी संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. ती खिडकीत चहा घेऊन बसली होती. समोरच्या भिंतींवर माणसाहून मोठी रंगीत चित्रं, खाली मेक्सिकन बेकरी, लांबवर एक काळा उंच टॉवर. ती एकेक दाखवत होती आणि अचानक पत्रा फाडावा तसा आवाज झाला. कप आडवा झाला, फोन खाली पडला, स्क्रीन काळी. बायको किंचाळली. विमानतळाशेजारी राहिल्यामुळे बोलता बोलता थांबायचं, विमान जाऊ द्यायचं आणि मग वाक्य पुरं करायचं, ही आम्हाला सवय आहे. पण हा आवाज आभाळातला नव्हता. घरात काहीतरी घुसल्यासारखा होता.

"बाबा, इट्स द ट्रेन. रिलॅक्स."

शिकागोत गाडी रस्त्याच्या वर, लोखंडी खांबांवरून धावते हे मी फोटोत पाहिलं होतं. स्टेशनला लागून म्हणजे रूळ खिडकीला लागून, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

"झोप लागते का ग?" बायकोने विचारलं.

"लागते ना. क्लासमध्ये." ती हसली. आम्ही हसलो नाही. तिचे डोळे सुजलेले होते.

पुढच्या शुक्रवारी ती आम्हाला शहर दाखवायला मुद्दाम लूपमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यभागी गेली. नदीवरचा, जहाजासाठी उघडणारा पूल दाखवला. मग फोन हातात धरून चालू लागली आणि बोलता बोलता बागेत पोहोचली. तिथे राजम्याच्या दाण्यासारखं चकचकीत पोलादी शिल्प होतं, त्यात उलटसुलट दिसणारी माणसं आणि मागे समुद्र वाटावा असा तलाव.

"पुलापासून किती लांब आलीस?"

"चार ब्लॉक असतील."

माझ्या हातातल्या चहावरची वाफ अजून गेली नव्हती.

"काय चार?"

"बाबा, इथे ब्लॉक म्हणजे या कोपऱ्यापासून पुढच्या कोपऱ्यापर्यंत. एका मैलात आठ."

चार ब्लॉक म्हणजे अर्धा मैल. आमच्या घरापासून कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरला, म्हणजे किराणा दुकानाला, दोनदा जाऊन यावं, तेवढं. कार्गोची बिलं तपासताना किलो की पाउंड लिहिलं नसेल, तर मी बिल परत पाठवतो. इथे माप न विचारता मी मुलीला रुळाशेजारी झोपवलं होतं.

"बघा, माझ्या मामाचाच ब्लॉक खरा निघाला," बायको म्हणाली. पण तिचा आवाज चिडवण्याचा नव्हता.

मुलगी हळूच म्हणाली, "माझ्या मैत्रिणीकडची जागा अजून रिकामी आहे. रविवारी एक मुलगी बघायला येतेय. पण मी सोडलं तर घरमालकीण डिपॉझिट…"

ती मध्येच थांबली. क्षणभर वाट पाहिली आणि मग वाक्य पुरं केलं, "…परत देणार नाही." बागेत कुठेही ट्रेन नव्हती.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिलाही ते दिसलं होतं.

"द्या सोडून," ती म्हणाली. "खलास."

मी मुलीच्या मैत्रिणीला फोन लावून आधी विचारलं, स्टेशनपासून चालत किती मिनिटं. "दहा, अंकल," ती म्हणाली. "रमतगमत."

अकराशे पन्नास डॉलर घरमालकिणीकडे राहिले. त्याच संध्याकाळी सातशे डॉलर, म्हणजे दोनशे त्रेसष्ट दिनार दोनशे फिल्स, मैत्रिणीच्या खात्यात भरले.