शिरवण्यातला योगा क्लास

समस्त नागरिकांस कळवण्यात येते की, शिरवण्यातल्या एका तीनमजली इमारतीत मी दोन वर्षे जो 'योगा क्लास' चालवला, तो योगा नव्हता. तो बेली डान्स होता. तोही निव्वळ नव्हे, फ्यूजन. त्यात माझी लहानपणची लावणी मिसळलेली.

खोटे का बोलले, तेही सांगते. लावणी शिकले तेव्हा वडील म्हणाले, घरात नाच, बाहेर नको. पस्तिशीत वाशीला बेली डान्स शिकू लागले, तेव्हा नवरा म्हणाला, माझ्यासमोर करू नकोस, मला हसू येतं. बेलापूरच्या एका ऑफिसच्या कार्यक्रमात नाचले, तर पहिल्या रांगेतले साहेब शेवटपर्यंत समोशाकडे बघत राहिले. पुढे शिकवायला खोली शोधताना पाच घरमालकांनी "पोट हलवायचं?" म्हणून दार लावले. सहाव्या दारात मी "योगा" म्हणाले. घरमालकीण मावशी सत्तरीची, मिठागरात राबून हाडे मजबूत झालेली. तिने लगेच किल्ली दिली.

एका सोमवारी तिने मला जिन्यात गाठले.

"बाय, शुक्रवारी मी येन बगाला. योगान छनछन कसली येते?"

आमच्या कमरपट्ट्यांना नाण्यांसारख्या चकत्या लावलेल्या असतात. चार दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बसच्या रांगेत, भाजीवाल्यापुढे, कुकरच्या शिट्या मोजताना माझ्या टाचा आपोआप उडत. ही खोली गेली तर अकरा बायकांना घेऊन जायचे कुठे?

शुक्रवारी पट्टे पिशवीत गेले आणि बायका शवासनात. मावशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. पाच मिनिटे झाली. दहा झाली.

"निजाचा भाडा भरता का गो तुमी?" ती म्हणाली.

कोपऱ्यातून फिसकन हसू आले. मला तर आता पडवेचना. उठले, पट्टा बांधला.

"मावशी, मी खोटं बोलले. आम्ही हे करतो."

गुडघे सैल, टाचा झरझर वरखाली, कंबर थरथरती. एकेक करून अकराही जणी उठल्या. नाच संपला की एकमेकींसाठी टाळ्या वाजवायच्या, हा आमच्या क्लासचा नियम. एवढ्या भीतीतही तो आम्ही पाळला.

मावशी उठली. आता किल्ली मागणार, म्हणून मी पर्समध्ये हात घातला. तिने काष्टा घट्ट खोचला, रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि अनवाणी टाचा आपटू लागली. आमच्याहून जलद, आणि वरचे अंग जागच्या जागी. आमचे पाय थांबले. ती थांबली तेव्हा नियमाप्रमाणे टाळ्या वाजल्या, जरा जास्तच वाजल्या.

धापा टाकत ती स्वतःच्या पायांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मिठागराचा चिखल आमी असाच तुडवाचो गो. पन टाळ्या कोनी नाय वाजवल्या."