जागेवर फिरलेलं चाक

जळलेल्या रबराचा वास तीन धुण्यांत जात नाही. मी लाँड्री चालवतो, तेव्हा हे अंदाजानं सांगत नाही. तेलाचा डाग निघतो, शाईचा निघतो, रक्ताचा तर गार पाण्यात सहज निघतो. रबराचा धूर मात्र कापडात घर करून बसतो. असे कपडे काउंटरवर आले की मी ते दोन बोटांनी उचलतो आणि वेगळ्या बादलीत टाकतो. माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, दर महिन्याच्या शेवटच्या रविवारनंतर असा एक शर्ट माझ्याकडे पाठवत. गंमत अशी, की तो धूर त्यांचा नसे, दुसऱ्यांच्या गाड्यांचा असे. भाऊजींच्या गाडीनं बारा वर्षांत कधी धूर काढला नव्हता. सगळी गोष्ट त्याचीच आहे.

भाऊजी एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होते. शेजारच्या सीटवर बसून, पायाशी जादा क्लच आणि जादा ब्रेक घेऊन. शिकायला येणारे लोक त्यांना पाठीमागे 'हाफक्लच' म्हणत, कारण पहिले आठ दिवस ते दुसरं काही शिकवतच नसत. चढावर गाडी उभी करायची, ब्रेकवरचा पाय काढायचा आणि नुसत्या क्लचवर ती तोलून धरायची. पुढे नाही, मागे नाही. लोक रडकुंडीला येत. बँकेतल्या एक बाई एकदा गाडी चढावरच सोडून तडक घरी निघून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या तेव्हा भाऊजी म्हणाले, "काल आपण इथंच होतो," आणि पुन्हा तोच चढ.

या माणसाचं सगळं शहाणपण डाव्या पायात होतं. कोणी क्लच खाडकन सोडला, की जेवताना घासात केस निघाल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा व्हायचा. ते चिडत नसत. त्यांना किळस यायची, खरीखुरी. मला ते आवडायचे ते यामुळेच. घाणीचा मलाही तिटकारा आहे. त्यांची घाण वेगळी होती, एवढंच.

अशा माणसाला शर्यतीचं वेड लागावं, तेही बारा वर्षं टिकावं, हे मला कधीच पटलं नाही. शहराबाहेर विमानं उतरायची बंद झालेली एक धावपट्टी आहे. तिथं महिन्यातून एकदा सकाळी ड्रॅग रेस होते. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, हिरवा दिवा लागला की सरळ रेषेत सोडायच्या, चारशे मीटरवर जी आधी पोचेल ती जिंकली. अठरा-वीस सेकंदांत खेळ खलास. त्यासाठी शेकडो माणसं उन्हात उभी. पायाखाली चिकट कागदी कप, जागोजागी थुंकलेलं, कोपऱ्यात दोन शौचालयं, ज्यांच्याकडे बघूनच पोट आवळून धरावं. पहिल्यांदा तिथून घरी आलो तेव्हा मी बूट घरात घेतलेच नाहीत, टाकून दिले.

भाऊजींना जिंकण्यात रस नव्हता. त्यांची गाडी साधी, चार दारांची. ताईला बाजारात नेणारी तीच आणि रविवारी शर्यतीत पळणारीही तीच. त्यांचा सगळा जीव पहिल्या पंधरा फुटांत.

"आपल्या गाडीत जोर पुढच्या चाकांना जातो," ते मला समजावत, "आणि गाडी सुटली की वजन जातं मागं. म्हणजे ज्या चाकांनी रस्ता धरायचा, नेमकी तीच हलकी होतात. जास्त दाबलंस की जागेवर गरगरतात. टायर जळतो, धूर निघतो आणि गाडी तिथंच. कमी दाबलंस की इंजिन गुदमरतं. या दोन्हींच्या मधे जागा असते, नखाएवढी. ती पायानं शोधायची, दर वेळी नव्यानं."

"आणि सापडली की?"

"सापडली की काही आवाजच होत नाही. गाडी नुसती निघते."

आवाज न करता निघणाऱ्या गाडीकडे तिथं कोणी ढुंकून बघत नसे. लोक यायचे धूर बघायला. त्यांचा लाडका होता पडद्यांचं दुकान चालवणारा एक चाळिशीचा गडी, भाऊजींचाच जुना विद्यार्थी. सगळे त्याला 'धुरांडं' म्हणत आणि तो ते अभिमानानं मिरवी. शर्यतीआधी टायर तापावेत, त्यांच्यावरची घाण जळून जावी म्हणून सगळेच चाकं थोडी जागेवर फिरवून घेतात. हा मिनिटभर फिरवायचा. पांढरा, जाड, घशाला चिकटणारा धूर. गाडी त्यात दिसेनाशी व्हायची आणि लोक शिट्ट्या मारायचे. दिवा लागल्यावरही तो तसाच चाकं गरगरवत सुटायचा आणि बहुतेक वेळा हरायचा. त्याची फिकीर ना त्याला, ना लोकांना.

भाऊजी ते टायर तापवणंसुद्धा करत नसत. "रस्त्यावरचे साधे टायर, तापवले की उलट लिबलिबीत होतात," असं म्हणत. कारण तेही होतं, पण खरं कारण शिसारी. ते आपले उकिडवे बसून पुढचे दोन्ही टायर कोरड्या फडक्यानं पुसत, फटींतले खडे नखानं काढत, हवा थोडी कमी करत आणि मग रांगेत जाऊन उभे राहत.

गेल्या वर्षी त्यांचा डावा गुडघा गेला. डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं, हाडावर हाड घासतंय. ताईनं लगेच मनावर घेतलं. ऑपरेशन करायचं, ही गाडी विकायची आणि बिनक्लचची घ्यायची. भाऊजी ऑपरेशनला तयार होते, गाडीचं नाव काढलं की उठून बाल्कनीत जात.

"परवा गाडी फाटकाच्या खांबाला लागता लागता राहिली," ताई एक दिवस माझ्यासमोरच म्हणाली.

"तो खांबच पुढे आलाय."

"अहो, खांब पुढे येतो का कधी? पाय वेळेवर दाबला गेला नाही, हे कबूल करा की."

भाऊजींनी गुडघ्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "माझा पाय कामातून गेलाय का, हे एका जागी कळेल. या रविवारी शर्यतीत चाक जागेवर फिरलं, एकदा जरी फिरलं, तर गाडी विकून टाक. मी तोंडातून ब्र काढणार नाही. नाही फिरलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

ताईनं माझ्याकडे बघितलं. "तू जा त्यांच्याबरोबर. काय झालं ते मला तू सांगायचं."

म्हणजे साक्षीदार म्हणून मला त्या उकिरड्यावर जाणं आलं. जुने बूट घालून, रुमाल नाकाला लावून गेलो.

त्या दिवशी प्रत्येकाला दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत दिवा लागला, भाऊजींची गाडी निघाली आणि अगदी सुरुवातीला पुढून बारीकसा 'च्युक' आवाज आला. परत आल्यावर मी विचारलं, "फिरलं का हो?"

"फिरलं नाही, कुरकुरलं," ते म्हणाले. "धूळ बसलीय टायरवर. पुसायला पाहिजे."

फडकं घेऊन ते बसायला गेले. दाराला धरून अर्धे वाकले आणि तिथंच अडकले. चेहरा पांढराफटक. सकाळपासून क्लच दाबून गुडघा एवढा सुजला होता की पँट तिथं ताणलेली दिसत होती. कसेबसे सरळ झाले आणि फडकं त्यांनी माझ्या हातात दिलं. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"तू पुस. पुढचे दोन. स्वच्छ पुस, कणभरही राहता कामा नये." असं म्हणून ते लंगडत सावलीतल्या खुर्चीकडे गेले.

मी खाली बसलो. डांबराचे ठिपके, कुणाचं तरी चघळलेलं च्युइंगगम, फटींत ओला कचरा. कोरडं फडकं नुसतं फिरत होतं, निघत काही नव्हतं. हे असलं काम मला जमत नाही. कपडा असो की काही असो, माझ्या हाताखालून गेलेली वस्तू लखलखीतच झाली पाहिजे. डिकीत ताईचं साफसफाईचं सामान असतं. त्यात टायर चमकवायच्या काळ्या, तेलकट पॉलिशची बाटली होती. कुठं चारचौघांत जायचं असलं की ताई ते टायरांना लावते. मी बाटली घेतली आणि कामाला लागलो. ताई लावते नुसतं बाजूनं. मी रस्त्याला टेकतो तो भागही घासला, फटींत बोटं घालून घासला. गाडी हातभर पुढे ढकलून टेकलेला भागही सोडला नाही. दोन्ही टायर नवेकोरे दिसायला लागले. त्या सगळ्या गलिच्छपणात तेवढीच एक बघण्यासारखी गोष्ट होती आणि ती मी केली होती, म्हणून मी खूश होतो.

भाऊजी आले ते दुसऱ्या बाजूनं, थेट दार उघडून बसले. शेजारच्या पट्टीवर धुरांडं. त्यानं आपला मिनिटभराचा धूर काढला. भाऊजी काचा वर करून समोर बघत राहिले.

हिरवा दिवा लागला.

भाऊजींच्या गाडीतून किंकाळी फुटली. चाकं गरगरली आणि गाडी तिथंच. त्यांनी जोर कमी केला असावा, कारण आवाज क्षणभर उतरला; पण चाकांनी रस्ता धरला नाहीच. मग ती उड्या मारायला लागली, गाडीचं नाक थरथरलं आणि खालून धूर उसळला. पांढरा, जाड. लोक उभे राहिले. माइकवरचा माणूस बेंबीच्या देठापासून ओरडला, "हाफक्लच सरांनी धूर काढला हो!" भाऊजींना एवढ्या वर्षांत तिथं कधी टाळी मिळाली नव्हती. त्या दिवशी टाळ्या थांबेनात.

धूर माझ्यापर्यंत आला. त्यात रबराचा वास होता आणि त्याच्या खाली दुसरा एक, गोडसर. मी माझे हात नाकाजवळ नेले. तोच वास होता.

परत आले तेव्हा धुरांडं धावतच आलं आणि त्यानं भाऊजींना खिडकीतूनच मिठी मारली. "सर, कधीपासून म्हणतोय, एकदा मोकळे व्हा! झालात की नाही आज आमच्यातले?" भाऊजींच्या चेहऱ्यावर तोच घासातला केस. ते गाडीतून उतरले, दाराला धरलं, आणि जो गुडघा मघाशी अर्ध्यापुढे वाकला नव्हता तो वाकवून, ओठ चावत, पूर्ण खाली बसले. टायरवरून बोट फिरवलं. दोन बोटांत चोळलं, वास घेतला. मग माझ्या हातांकडे बघितलं. मनगटापर्यंत काळे होते.

आता बोलतील, असं मला वाटलं. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून रुमाल काढून बोटं पुसली, रुमालाची घडी घातली आणि म्हणाले, "चल. घरी वाट बघत असेल."

ताई दारातच उभी होती. तिनं त्यांना नाही, मला विचारलं, "फिरलं का रे?"

मी तोंड उघडलं. भाऊजी माझ्याआधी बोलले. "फिरलं. गुडघ्यानं दगा दिला. विकून टाक."

ताईनं डोळे मिटून श्वास सोडला. एवढी सुटल्यासारखी ती मला कितीतरी दिवसांत दिसली नव्हती. मी म्हटलं, होतंय ते त्यांच्या भल्याचंच होतंय, आणि हात धुवायला आत गेलो. दगडानं घासून हात लालभडक केले. वास गेला नाही. आयुष्यभर लोकांची घाण धुतली, पण स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

गाडी पंधरा दिवसांत गेली. घेतली कोणी, तर धुरांड्यानं. आता तो शेवटच्या रविवारी त्याच गाडीचे टायर जागेवर जाळतो आणि सोमवारी शर्ट माझ्याकडे टाकतो. मी तो वेगळ्या बादलीत भिजवतो. कोणाच्या गाडीचा धूर धुतोय, हे मला माहीत असतं.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं. चार महिन्यांनी भाऊजी नवी गाडी चालवायला लागले. नुसते दोन पेडल. परवा तपासणीला मी त्यांच्या शेजारी बसून गेलो. पहिल्याच सिग्नलला गाडी थांबताना त्यांचा डावा पाय उचलला गेला आणि रिकाम्या चटईवर दाबला गेला. दुसऱ्या सिग्नललाही तेच. तिसऱ्याला माझ्यानं राहवेना.

"भाऊजी, त्या दिवशी टायरला पॉलिश मी लावलं होतं."

"माहीत आहे."

"मग ताईला सांगितलं का नाही? खोटं कशाला बोललात? गाडी राहिली असती."

"खोटं कुठं बोललो?" ते समोर दिव्याकडे बघत म्हणाले. "टायर बघायचं काम माझं. गुडघा वाकला असता तर तुला सांगितलं असतं का? गुडघ्यानंच दगा दिला ना?"

दिवा हिरवा झाला. त्यांनी सावकाश, नखाएवढ्या अंदाजानं डावा पाय चटईवरून वर घेतला, आणि गाडी कधीच निघालेली होती.